भोसले घराण्याची नाती प्रोलॉगमध्ये: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

काम एवढंच: भोसले घराण्यातल्या पाच-सहा पिढ्या तथ्यांच्या रूपात लिहायच्या, मामा-आत्या-काका-मावशीचे नियम बसवायचे आणि प्रश्न विचारून उत्तरं पडताळायची. प्रोलॉग ही तथ्यं आणि नियमांवर चालणारी संगणकभाषा शिकवताना कुटुंबाचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यात चार-सहा माणसं असतात आणि प्रत्येकाचं नाव वेगळं असतं. खऱ्या वंशावळीत एका नावाची तीन-चार माणसं निघतात, सावत्र भावंडं असतात, कुणाच्या आईची नोंदच हाताशी नसते आणि कुणी मामाची मुलगी केलेली असते. नियम नीट लिहिलाय की नुसता चालतोय, ते अशाच ठिकाणी कळतं. शिवाय उत्तरं आधीच माहीत असल्यामुळे चूक लपत नाही.

साधन एसडब्ल्यूआय-प्रोलॉग. यान व्हीलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली युनिकोड व्यवस्थित वाचते, त्यामुळे नावं थेट देवनागरीत लिहिता येतात. फाइल एकच, नाती.पीएल. पहिल्या ओळीत एन्कोडिंग युटीएफ-८ असल्याचा निर्देश टाकायचा. जुन्या आवृत्त्या संगणकाच्या भाषा-सेटिंगवरून एन्कोडिंग ठरवतात, आणि विंडोजवर मग मराठी नावांचा पार चुराडा होतो.

देवनागरीत लिहिताना एक नियम आधी पक्का करायचा. प्रोलॉगमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होतो तो चल, म्हणजे किंमत अजून शोधायची असलेलं नाव; लहान अक्षराने सुरू होतो तो ॲटम, म्हणजे ठरावीक वस्तूचं नाव. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून कोणताही देवनागरी शब्द ॲटमच धरला जातो. चल हवा असेल तर आधी अंडरस्कोर द्यायचा: _क, _मूल. अंडरस्कोर राहिला तर कसलीही तक्रार येत नाही. पालक(क, शिवाजी) या प्रश्नाचा अर्थ होतो, "क नावाचं माणूस शिवाजीचं पालक आहे का?" उत्तर अर्थातच फॉल्स.

रोमन लिपीत अंडरस्कोर आणि मोठं अक्षर अशी सुरुवात असली तर "हा चल एकदाच येणार आहे" असा संकेत असतो. देवनागरीसाठी तो संकेत दोन अंडरस्कोरचा आहे. एक अंडरस्कोर असलेला _क साधा चल. तो क्लॉजमध्ये (एका तथ्यात किंवा नियमात) एकदाच आला तर इशारा मिळतो. हा इशारा बंद करून टाकू नये, टायपिंगमधल्या निम्म्या चुका तोच पकडतो. प्रश्नाच्या उत्तरात चलाची किंमत न दिसता नुसतं ट्रू येत असेल, तर टॉपलेव्हल-प्रिंट-ॲनॉन हा फ्लॅग कुणीतरी बंद केलेला असतो.

या नोंदींत प्रणालीची स्वतःची नावं (डिफ, टेबल, सेटऑफ) देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

५ ऑगस्ट

तथ्यं. पालक(अ, ब) म्हणजे अ हे ब चे पालक. कोणता घटक आधी याला प्रोलॉगच्या लेखी काही अर्थ नाही. तो आपण ठरवायचा, फाइलच्या डोक्यावर टीप म्हणून लिहायचा आणि मग मोडायचा नाही.

पालक(मालोजी, शहाजी).
पालक(उमाबाई, शहाजी).
पालक(शहाजी, संभाजी_थोरले).
पालक(जिजाबाई, संभाजी_थोरले).
पालक(शहाजी, शिवाजी).
पालक(जिजाबाई, शिवाजी).
पालक(शहाजी, व्यंकोजी).
पालक(तुकाबाई, व्यंकोजी).
पालक(शिवाजी, संभाजी).
पालक(सईबाई, संभाजी).
पालक(शिवाजी, राजाराम).
पालक(सोयराबाई, राजाराम).

याच पद्धतीने पुढे शाहू, ताराबाईंचे शिवाजी, राजसबाईंचे संभाजी आणि व्यंकोजींची तंजावरची मुलं. सासर-माहेरच्या बाजूने लखुजी जाधव, फलटणचे मुधोजी निंबाळकर आणि त्यांचे बजाजी, तसंच संभाजी मोहिते, हंबीरराव, सोयराबाई. एकूण पालकची ३५ तथ्यं. त्याखेरीज पुरुष/१, स्त्री/१ आणि विवाह/२ (रेघेपुढचा आकडा म्हणजे कंसातल्या घटकांची संख्या). कोडमध्ये महाराज, राजे, बाईसाहेब या उपाध्या जोडलेल्या नाहीत. ॲटम जितका लांब तितकी टायपिंगची चूक जवळ.

एकाच प्रेडिकेटची (म्हणजे पालक, पुरुष अशा एका नावाची) तथ्यं सलग ठेवायची. मध्ये दुसरं प्रेडिकेट आलं तर "क्लॉज एकत्र नाहीत" असा इशारा येतो. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पालकची तथ्यं दोन फाइलींत विभागल्यावर. दुसरी फाइल लोड होताच पहिलीतली व्याख्या पुसून नवी बसते, आणि निम्मं घराणं गायब होतं. तशी विभागणी हवीच असेल तर दोन्हीकडे मल्टिफाइलचा निर्देश द्यावा लागतो.

७ ऑगस्ट

नावांचा घोळ. यादीत संभाजी चार आहेत: शिवाजी महाराजांचे थोरले बंधू, त्यांचे पुत्र, नातू (राजसबाईंचे, कोल्हापूरचे) आणि मोहिते. शिवाजी दोन, शहाजी दोन. ॲटम सारखा तर माणूस सारखा, एवढंच प्रोलॉगला कळतं. सगळ्या शिवाजींना एकच ॲटम दिला तर शिवाजीचा मुलगा राजाराम आणि राजारामचा मुलगा शिवाजी असं चक्र तयार होतं. मग पूर्वज(शिवाजी, शिवाजी) खरं ठरतं आणि पूर्वजांचा कोणताही साधा नियम या चक्रात फिरत बसतो.

म्हणून शिवाजी_कोल्हापूर, संभाजी_कोल्हापूर, शहाजी_तंजावर, संभाजी_थोरले, संभाजी_मोहिते. "दुसरा", "पहिला" असे क्रमांक टाळले, कारण सातारा, कोल्हापूर आणि तंजावर इथले क्रमांक वेगवेगळे चालतात.

उलटा घोळही होतो: माणूस एक, ॲटम दोन. येसूबाई आणि येसुबाई ही प्रोलॉगच्या लेखी दोन माणसं. प्रेडिकेटचं नाव चुकलं तर "अशी प्रोसीजर नाही" अशी त्रुटी येते, ॲटम चुकला तर काहीच येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार की जोडाक्षर, आणि "ऱ्य" टाइप करण्याच्या दोन पद्धती (डोळ्यांना सारख्याच दिसतात, आतले कोड वेगळे) यांतून हे हमखास घडतं. त्यावर हा नियम:

तपास(_न) :- ( पालक(_न, _) ; पालक(_, _न) ), \+ पुरुष(_न), \+ स्त्री(_न).

नियमातला अर्धविराम म्हणजे "किंवा", नुसता _ म्हणजे "कुणीही", \+ म्हणजे "सिद्ध होत नाही". पालकमध्ये असलेलं पण पुरुष किंवा स्त्रीमध्ये नसलेलं प्रत्येक नाव यात बाहेर पडतं. जोडीला दुसरा प्रश्न, एकाच मुलाचे दोन वडील दिसतात का (वडीलचा नियम ११ ऑगस्टच्या नोंदीत):

?- वडील(_अ, _म), वडील(_ब, _म), _अ \= _ब.

नावं एकत्र झाली असतील तर इथे लगेच दिसतं. फाइलमध्ये भर घातली की आधी हे दोन प्रश्न, मग बाकीचं.

११ ऑगस्ट

वडील(_व, _म) :- पालक(_व, _म), पुरुष(_व).
आई(_आ, _म) :- पालक(_आ, _म), स्त्री(_आ).
भावंड(_अ, _ब) :- पालक(_प, _अ), पालक(_प, _ब), _अ \= _ब.

नियम उजवीकडून डावीकडे वाचायचा: उजवीकडचं सगळं सिद्ध झालं तर डावीकडचं खरं. स्वल्पविराम म्हणजे "आणि". शेवटचा पूर्णविराम विसरला तर प्रॉम्प्टवर नुसती उभी रेघ येऊन थांबते. प्रणाली अडकलेली नसते, पूर्णविरामाची वाट बघत असते.

?- भावंड(शिवाजी, _क).
_क = संभाजी_थोरले ;
_क = व्यंकोजी ;
_क = संभाजी_थोरले.

अर्धविराम दाबला की पुढचं उत्तर. क्रम असा का, ते फाइलवरून हाताने काढता येतं. पालक(_प, शिवाजी) ची जुळवणी आधी शहाजीशी होते, कारण ते तथ्य वर आहे. शहाजींची मुलं वरून खाली: संभाजी_थोरले चालतात, शिवाजी शेवटच्या अटीत गळतात, व्यंकोजी चालतात. मग माघार घेऊन _प = जिजाबाई, आणि संभाजी_थोरले पुन्हा. दोनदा आले कारण ते भाऊ असल्याचे पुरावे दोन आहेत, एक वडिलांकडून आणि एक आईकडून. प्रोलॉग उत्तरं मोजत नाही, पुरावे मोजतं.

_अ \= _ब ही अट सुरुवातीला नेऊन पाहावी. भावंड(शिवाजी, व्यंकोजी) ला अजूनही ट्रू येतं, पण भावंड(शिवाजी, _क) ला थेट फॉल्स. \= चा अर्थ "हे दोन वेगळे आहेत" असा नसून "या क्षणी या दोघांची जुळवणी होऊ शकत नाही" असा आहे. रिकाम्या चलाची जुळवणी कशाशीही होते, म्हणून अट तिथेच पडते. तर्कशास्त्रात "आणि"च्या दोन बाजू अदलाबदल केल्या तर फरक पडत नाही, इथे पडतो. क्रमाची कटकट नको असेल तर \= ऐवजी डिफ(_अ, _ब) वापरावं. ते दोन्ही बाजूंच्या किमती कळेपर्यंत निर्णय राखून ठेवतं, त्यामुळे कुठेही चालतं.

१४ ऑगस्ट

सख्खे आणि सावत्र.

सख्खे(_अ, _ब) :- वडील(_व, _अ), वडील(_व, _ब), आई(_आ, _अ), आई(_आ, _ब), _अ \= _ब.

सावत्रसाठी पहिल्यांदा सुचतं ते असं: भावंड आहेत पण सख्खे नाहीत.

सावत्र(_अ, _ब) :- भावंड(_अ, _ब), \+ सख्खे(_अ, _ब).

सावत्र(शिवाजी, _क) ला व्यंकोजी, सावत्र(संभाजी, _क) ला राजाराम. दोन्ही बरोबर, आणि म्हणूनच हा नियम फसवा. सावत्र(हंबीरराव, सोयराबाई) विचारलं तर तेही ट्रू येतं! फाइलमध्ये मोहित्यांच्या बाजूने फक्त वडील नोंदलेले आहेत. आई सापडत नाही म्हणून सख्खे सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही म्हणून \+ खरं ठरतं. बजाजी आणि सईबाईंचंही तेच.

\+ म्हणजे "असत्य" नव्हे, "हाताशी असलेल्या तथ्यांवरून सिद्ध झालं नाही". रेल्वेचं वेळापत्रक किंवा हजेरीपट यांसारख्या पूर्ण यादीवर तो बिनधास्त वापरावा. यादीत नाही म्हणजे नाहीच. वंशावळ तशी पूर्ण कधीच नसते, मुली आणि आया यांच्या बाबतीत तर नाहीच नाही. म्हणून नकार काढून टाकला आणि दोन्ही आया माहीत असून वेगळ्या असणं ही अट केली:

सावत्र(_अ, _ब) :- वडील(_व, _अ), वडील(_व, _ब), आई(_आ, _अ), आई(_ई, _ब), _आ \= _ई.

आता हंबीररावांसाठी फॉल्स. सख्खेलाही फॉल्स. दोन्हीकडून फॉल्स आलं की समजायचं, नोंद अपुरी आहे.

आणखी एक: \+ आधी आणि भावंड नंतर असं लिहिलं तर दुसरा चल मोकळा असताना "शिवाजींना सख्खं भावंड कुणीच नाही" एवढ्यावर अट तपासली जाते आणि सगळंच पडतं. नकार नेहमी चल भरल्यानंतर.

१८ ऑगस्ट

पूर्वज. स्वतःलाच बोलावणारा पहिला नियम.

पूर्वज(_क, _ख) :- पालक(_क, _ख).
पूर्वज(_क, _ख) :- पालक(_म, _ख), पूर्वज(_क, _म).

पूर्वज(_क, शाहू) ची दहा उत्तरं, या क्रमाने: संभाजी, येसूबाई, शिवाजी, सईबाई, शहाजी, जिजाबाई, मालोजी, उमाबाई, लखुजी, मुधोजी. शाहूपासून एकेक पायरी वर.

दुसऱ्या ओळीत पूर्वज(_क, _म) आधी आणि पालक(_म, _ख) नंतर केलं तर अर्थ तोच राहतो, वागणं पार बदलतं. उत्तरं सगळी येतात, पण शेवटच्या उत्तरानंतर प्रणाली थांबत नाही: पूर्वज सिद्ध करायला पूर्वज, त्यासाठी पुन्हा पूर्वज, आणि वाटेत काहीच कमी होत नाही. ६४ बिट यंत्रावर स्टॅकची मर्यादा मुळात १ जीबी असते; ती भरली की त्रुटी येते. त्यातही स्वतःला बोलावणारी ओळ वर आणि साधी ओळ खाली ठेवली तर एकही उत्तर न येता स्टॅक भरतो.

पुस्तकांत बहुतेक वेळा पालक(_क, _म), पूर्वज(_म, _ख) असं असतं. तेही थांबतं, पण ते वरून खाली उतरतं. वंशज विचारायचे असतील, पूर्वज(मालोजी, _क), तर तेच बरं. शाहूचे पूर्वज विचारताना मात्र ते प्रत्येक माणसापासून सुरुवात करून कोण शाहूपर्यंत पोचतं ते बघत बसतं. ३५ तथ्यांवर फरक जाणवत नाही, ३५ हजारांवर जाणवेल. जी बाजू माहीत आहे तिथून चालायला सुरुवात व्हावी, असा क्रम लावायचा.

नियमाच्या वर टेबलचा निर्देश पूर्वज/2 साठी दिला की डावी पुनरावृत्तीही (पूर्वज आधी बोलावणारा वरचा क्रम) थांबते आणि चक्र असलं तरी प्रणाली अडकत नाही, कारण आधी विचारलेला उपप्रश्न ती लक्षात ठेवते. बदल्यात उत्तरांचा क्रम हातात राहत नाही. पूर्वज(_क, _क) ही चक्र शोधणारी तपासणी टेबलशिवाय करू नये.

टेबल न लावता पूर्वज(_क, शिवाजी_कोल्हापूर) विचारलं की संभाजी_मोहिते दोनदा येतात. भावंडांच्या वेळी दोनदा येणं निव्वळ गैरसोय होती, इथे ती माहिती आहे. एक वाट राजाराम आणि सोयराबाई यांच्यामार्गे, दुसरी ताराबाई आणि हंबीरराव यांच्यामार्गे. संभाजी मोहिते दोन्ही अंगांनी पणजोबा. सेटऑफ किंवा टेबल लावून नावं एकेकदाच घेतली की हे दिसायचं बंद होतं, म्हणून टेबल फक्त तपासणीच्या प्रतीत ठेवलं आहे.

२२ ऑगस्ट

मामा(_म, _क) :- आई(_आ, _क), भावंड(_आ, _म), पुरुष(_म).
आत्या(_त, _क) :- वडील(_व, _क), भावंड(_व, _त), स्त्री(_त).
मामेबहीण(_ब, _क) :- मामा(_म, _क), पालक(_म, _ब), स्त्री(_ब).
आतेबहीण(_ब, _क) :- आत्या(_त, _क), पालक(_त, _ब), स्त्री(_ब).

काका आणि मावशी याच साच्यात. भावंड बोलावताना माहीत असलेला चल पहिल्या जागी आहे, वर सांगितलेल्याच कारणासाठी. मामी, काकू यांना विवाह/२ जोडला की झालं. मावशीच्या आणि आत्याच्या नवऱ्यालाही काका म्हणतात. काकाला तसे जादा क्लॉज द्यायचे की रक्ताचे काका वेगळे ठेवायचे, हे आधी ठरवावं. इथे वेगळे ठेवले आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं मांडलं तो प्रश्न:

?- विवाह(_प, _स), मामेबहीण(_स, _प).
_प = राजाराम, _स = ताराबाई.

?- विवाह(_प, _स), आतेबहीण(_स, _प).
_प = महादजी, _स = सखुबाई.

ताराबाईंचे वडील हंबीरराव सोयराबाईंचे भाऊ, म्हणून ताराबाई राजारामांच्या मामेबहीण. महादजींचे वडील बजाजी निंबाळकर सईबाईंचे भाऊ आणि सखुबाई सईबाईंच्या कन्या, म्हणून सखुबाई महादजींच्या आतेबहीण. ही नाती फाइलमध्ये कुठेही लिहिलेली नाहीत, फक्त पालक आणि विवाह यांतून निघाली.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच येत नसेल तर ट्रेस लावावा. प्रत्येक उद्दिष्टासाठी कॉल, एक्झिट, रीडू, फेल अशा चार प्रकारच्या ओळी येतात. पहिला अनपेक्षित फेल शोधायचा. इथे तो बहुतेक पुरुष(बजाजी) वर निघतो. ते तथ्य नसलं तर बजाजी महादजींचे वडील ठरत नाहीत, आत्या सापडत नाही आणि सगळी साखळी गुपचूप तुटते. तपास हा प्रश्न आधी चालवला असता तर ट्रेसची वेळच येत नाही.

२७ ऑगस्ट

राहिलेला भाग रामराजांचा. शाहूंचं निधन डिसेंबर १७४९ मध्ये झालं आणि १७५० मध्ये रामराजा सातारच्या गादीवर आले. ते आपला नातू असल्याचं ताराबाईंनी सांगितलं होतं आणि त्याच वर्षी त्यांना कैदेत टाकून ते नातं नाकारलं. पालक(शिवाजी_कोल्हापूर, रामराजा) लिहावं तर वादाचा निकाल आपणच दिल्यासारखं होतं. न लिहावं तरी निकाल दिलाच जातो, फक्त उलटा. म्हणून तथ्याऐवजी दावा:

दावा(ताराबाई, होकार, पालक(शिवाजी_कोल्हापूर, रामराजा)).
दावा(ताराबाई, नकार, पालक(शिवाजी_कोल्हापूर, रामराजा)).
वादग्रस्त(_त) :- दावा(_, होकार, _त), दावा(_, नकार, _त).

आतलं पालक(...) इथे चालवलं जात नाही, ती नुसती रचना आहे. त्यामुळे पूर्वज, मामा वगैरे नियमांना ते दिसत नाही. एखाद्याच्या म्हणण्यानुसार नाती काढायची असतील तर:

पालक_मते(_, _क, _ख) :- पालक(_क, _ख).
पालक_मते(_कोण, _क, _ख) :- दावा(_कोण, होकार, पालक(_क, _ख)).

दत्तकाचं प्रेडिकेट स्वतंत्र, दत्तक/२. ते पालकमध्ये मिसळलं तर दोन वडिलांची तपासणी दर दत्तकाला ओरडेल, आणि मामा जन्मदात्या आईचा की दत्तक आईचा हेही ठरणार नाही. वारसांचा नियम दोन्ही घेईल, रक्ताच्या नात्यांचे नियम फक्त पालक. पूर्वज आणि भावंड यांच्या पालक_मते वापरणाऱ्या प्रती अजून लिहायच्या आहेत. त्यात _कोण हा चल प्रत्येक नियमात शेवटपर्यंत वाहून न्यावा लागेल.